एक जागा शिक्षकासाठी

(निवृत्त शिक्षकांच्या स्नेहमेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिक्षकांसमोर बोलायला उभे राहणे कोणत्याही विद्यार्थ्याला अवघडच जाते. आपण मला शांतपणे ऐकून घ्याल आणि मनातल्या मनात माझी वाक्ये तपासाल, हे मी जाणून आहे. संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचे समाजकार्य' असा विषय दिला आहे. त्या विषयावर आपणांस उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखी एक हकिगत आहे. तिच्यात माझी एक चूकही आहे, म्हणून तिथूनच आरंभ करतो.

साल 1997. मी तेव्हा एका दैनिकात नगरपालिकेचे वृत्तसंकलन करीत असे. एका दुपारी कार्यालयात माझ्या प्राथमिक शाळेतील बाई आल्या. पस्तीस वर्षे नगरपालिकेच्या शाळांत शिकवून, मुख्याध्यापिका म्हणून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मी उठून नमस्कार केला, चहा मागवला. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "मला सगळ्या नगरसेवकांचे पत्ते हवेत. शिक्षण मंडळाची निवड आहे, मी अर्ज करते आहे."

नव्या पिढीला ही व्यवस्था ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, 1947 या कायद्यानुसार नगरपालिका आणि महानगरपालिकांची शिक्षण मंडळे असत. पालिकेच्या शाळांच्या इमारती, साहित्याची खरेदी, गणवेश, अंदाजपत्रक या साऱ्यांत मंडळाचा शब्द चाले. मंडळाच्या सभासदांची निवड प्रामुख्याने नगरसेवक करीत. परंतु सभासद स्वतः नगरसेवकच असला पाहिजे असे बंधन नव्हते. कायदा करणाऱ्यांनी हे दार बुद्ध्याच उघडे ठेवले असावे. शिक्षणाची जाण असलेल्या, निवडणुकीच्या धामधुमीत न पडणाऱ्या माणसांना तेथे स्थान मिळावे, हाच त्यामागचा अर्थ मला दिसतो. प्रत्यक्षात त्या दारातून कोण आत गेले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्यांना नगरसेवकपदाची उमेदवारी देता आली नाही, त्यांची समजूत काढण्याची जागा म्हणून अनेक शहरांत मंडळाकडे पाहिले गेले.

हे मला रोज दिसत होते. म्हणूनच मी बाईंना म्हणालो, "बाई, तुम्ही या चिखलात कशाला पडता? तुमचे नाव चांगले आहे, ते तसेच राहू द्या." मला वाटले, मी त्यांचा सन्मानच करीत आहे. बाई काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वर्ग गळायला लागला की बादली मी ठेवायची आणि छपराचे ठरवायला दुसऱ्यांनी बसायचे. पस्तीस वर्षे हेच झाले. आता मला छपराच्या बैठकीत बसायचे आहे."

त्यांच्या वहीत एक पान लिहिलेले होते. वर कसलेही घोषवाक्य नव्हते. खाली तीन ओळी होत्या: मुलींसाठी दार लागेल असे स्वच्छतागृह; पाठ्यपुस्तके शाळा उघडेल त्या दिवशी मुलांच्या हातात; आणि रजेवर गेलेल्या शिक्षकाचा वर्ग दुसऱ्या वर्गात कोंबला जाऊ नये म्हणून काही व्यवस्था. हे पान घेऊन त्या घरोघर फिरल्या. एका नगरसेवकाने त्यांना आदराने बसवले, त्यांच्याच हाताखाली शिकल्याचे अभिमानाने सांगितले आणि शेवटी विचारले, "पण बाई, तुमच्यामागे मते किती?" निवड झाली, बाईंचे नाव त्यात नव्हते. मी निकालाची चार ओळींची बातमी दिली. अर्ज करणाऱ्यांत पस्तीस वर्षांचा अनुभव असलेली एक मुख्याध्यापिका होती, हे त्या बातमीत मी लिहिले नाही. ते लिहावे असे मला सुचलेही नाही. ती माझी चूक.

पद मागणे हा दोष आहे काय?

मित्रहो, ती चूक एकट्या माझी नव्हती. आपल्यासारख्या संस्कारांत वाढलेल्या माणसांना पद मागणे गैर वाटते. काम करावे, नाव मागू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हा संस्कार थोर आहे, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु निःस्पृहता आणि अंग काढून घेणे यांत फरक आहे. मानासाठी खुर्ची मागणे वेगळे आणि कामाची जबाबदारी मागणे वेगळे. ही दोन्ही आपण एकाच तराजूत घातली. परिणाम असा झाला की ज्यांना संकोच नव्हता ते आत गेले. ज्यांना संकोच होता ते बाहेर उभे राहून व्यवस्थेला नावे ठेवीत बसले.

इतिहासातील थोर माणसांनी हा संकोच बाळगलेला दिसत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवले. त्यापुढची गोष्ट आपण कमी सांगतो. 1876 ते 1882 या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्याच्या आरंभीच आपला शाळा चालवण्याचा अनुभव नोंदवला आणि त्या बळावर मागण्या केल्या. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे, अशी ती मांडणी होती. जो शाळेत उभा राहिला तो कारभाराच्या दालनातही गेला आणि सरकारसमोरही बोलला.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण त्याचा धागा आपल्या काशीपर्यंत येतो. इंग्लंडमध्ये 1870 च्या कायद्याने स्थानिक शाळा मंडळे स्थापन झाली आणि त्यांचे सभासद मतदारांनी निवडायचे ठरले. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार ब्रिटिश स्त्रीला 1918 पर्यंत नव्हता. शाळा मंडळावर मात्र तिला उभे राहता येत होते. लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत दोन स्त्रिया निवडून आल्या. एक होत्या डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट. मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची तिथे मुभा होती, आणि त्यांना 47 हजारांवर मते पडली. दुसऱ्या एमिली डेव्हिस. त्यांनी आदल्याच वर्षी स्त्रियांसाठी महाविद्यालय काढले होते. तेच पुढे केंब्रिजचे गर्टन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले.

याच लंडन मंडळावर 1888 मध्ये टॉवर हॅम्लेट्स या गरीब वस्तीच्या विभागातून ॲनी बेझंट निवडून आल्या. त्यांना 15 हजारांहून अधिक मते मिळाली. उपाशी पोटी शाळेत येणाऱ्या मुलांना जेवण मिळावे, यासाठी त्यांनी तेथे आग्रह धरला. पुढे 1893 मध्ये त्या भारतात आल्या आणि 1898 मध्ये काशीला सेंट्रल हिंदू कॉलेज उभे राहिले. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून 1916 मध्ये स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठाचा पाया हेच महाविद्यालय ठरले. संस्था उभारणारी बाई त्याआधी शाळा मंडळाच्या बैठकीत बसून मुलांच्या जेवणासाठी भांडत होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मंडळे गेली, जागा उरली

आता आजच्याकडे येऊ. आपल्या राज्यातील शिक्षण मंडळे आता राहिली नाहीत. शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर 2013 मध्ये शासनाने ती रद्द करण्याचा निर्णय घेतला. ज्यांची मुदत बाकी होती, ती काही काळ राहिली आणि मग संपली. त्यांच्याविषयी फार हळहळ कोणाला वाटली नाही. परंतु मंडळे गेल्यामुळे शिक्षकाला कारभारात शिरण्याचे दार बंद झाले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. दार आहे, ते आता शाळेच्या आवारातच आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 21 आपणांपैकी अनेकांना पाठ असेल. प्रत्येक सरकारी आणि स्थानिक संस्थेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ते सांगते. शाळेच्या कामकाजावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा ही समितीची कामे. खाजगी अनुदानित शाळांत 2012 च्या दुरुस्तीने ही समिती सल्लागार स्वरूपाची केली. परंतु जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांत तिला खरे काम आहे. आपल्या राज्यात या समितीवर पालकांनी निवडलेल्या स्थानिक शिक्षणतज्ज्ञासाठी एक जागा ठेवलेली आहे.

ही जागा कशी भरली जाते, हे मी वार्ताहर म्हणून काही ठिकाणी पाहिले आहे. पालकसभेला दहा-बारा माणसे येतात. मुख्याध्यापकांना नोंदवही पूर्ण करायची घाई असते. कोणीतरी एक नाव सुचवतो, सगळे माना डोलावतात. कित्येकदा त्या गृहस्थांना आपण शिक्षणतज्ज्ञ झाल्याची वार्ता स्वाक्षरीच्या वेळी कळते. आणि त्याच शाळेपासून हाकेच्या अंतरावर तीस-तीस वर्षे अध्यापन केलेला निवृत्त शिक्षक अंगणात वर्तमानपत्र वाचीत बसलेला असतो. त्याला कोणी बोलावले नाही, हे खरे. पण तोही गेला नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या बाई गेल्या. 2012 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, त्या पालकसभेत उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही जागा मला द्या, मला काम करायचे आहे." कोणाचीच हरकत नव्हती; त्या जागेत रस असलेलेच कोणी नव्हते.

बाईंची पहिली चूक

आता जे सांगतो ते बाईंनीच मला सांगितले, म्हणून सांगतो. पहिल्या बैठकीत बाई अर्धा तास बोलल्या. पालकांची कर्तव्ये, अभ्यासाच्या सवयी, घरातील वातावरण. पुढच्या बैठकीला धुणीभांडी करणारी एक आई आली नाही. बाई तिच्या घरी गेल्या. ती म्हणाली, "बाई, दुपारचं काम बुडवून आले होते. माझं विचारायचं राहूनच गेलं." तिला विचारायचे एवढेच होते की, तिची मुलगी शाळेत पाणी का पीत नाही. मुलगी पाणी पीत नव्हती, कारण स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती.

पंधरा वर्षांपूर्वी बाईंच्या वहीत जी पहिली ओळ होती, तीच पुन्हा समोर उभी राहिली. पण या वेळी ती बाईंच्या नव्हे, एका आईच्या तोंडून आली. बाई मला म्हणाल्या, "मला उत्तर ठाऊक होते, म्हणून मी तिला बोलूच दिले नाही."

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. मुख्याध्यापकांना विनंती करून बैठक संध्याकाळी ठेवून घेतली आणि खर्चाचा तपशील सर्वांना समजेल अशा भाषेत मोठ्याने वाचण्याची पद्धत पाडली. कडी बसली. छपराचे काम आराखड्यात गेले. ते व्हायला दोन पावसाळे लागले. शाळेची पटसंख्या त्यामुळे वाढली असे मी म्हणणार नाही, कारण ती वाढली नाही. परंतु ती मुलगी शाळेत पाणी पिऊ लागली.

शिक्षक कारभारात आला की तो शिक्षकांचीच बाजू घेईल, अशी शंका घेतली जाते. ती अगदीच निराधार नाही. शिक्षकाला प्रश्नाआधी उत्तर देण्याची सवय असते, हीही खरी अडचण आहे. म्हणूनच कायद्याने समितीत बहुमत पालकांना दिले, ते योग्यच केले. तिथे आपण जायचे ते वर्ग घेण्यासाठी नाही. पटावर नाव असलेले मूल आणि प्रत्यक्ष बाकावर बसलेले मूल यांतील अंतर आपणांस कळते. उपस्थितीचा आकडा कुठे खरा आणि कुठे गोल केलेला, हे आपणांस एका नजरेत दिसते. तिसरीतल्या मुलाला वाचता का येत नाही, हे आपणांस त्याच्याजवळ पाच मिनिटे बसून सांगता येते. सामान्य पालकाजवळ ही नजर नसते आणि अधिकाऱ्याजवळ वेळ नसतो. ही नजर पालकांच्या हाती देणे, एवढेच त्या एका जागेचे काम आहे.

गुरुजनहो, आपण ज्या शाळेत शिकवलेत ती शाळा, किंवा आपल्या घराजवळची पालिकेची वा जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर आणा. तिच्या समितीवर शिक्षणतज्ज्ञ म्हणून कोणाचे नाव आहे, हे इथून गेल्यावर विचारून या. मुदत संपत आली असेल तर पालकसभेला जा. उभे राहा आणि ती जागा मागा. कदाचित नाकारली जाईल. बाईंनाही एकदा नाकारली गेली होती. पंधरा वर्षांनी त्यांनी पुन्हा मागितली.

आणि एखादी मुख्याध्यापिका अशी जागा मागायला निघाली, तर तिला "या चिखलात कशाला पडता" असे माझ्यासारखे कोणी म्हणू नका. तिच्याबरोबर चार घरे फिरा.