सॉल्टेअर : एका लोकर-गिरणीच्या गावाची कहाणी
(कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मालक सज्जन असेल, कामगारांना घरे, शाळा, दवाखाना बांधून देत असेल, तर संघर्षाचे प्रयोजन काय, असा प्रश्न तरुण कार्यकर्ते कधीकधी विचारतात. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेत न शोधता एका प्रत्यक्ष गावाच्या इतिहासात शोधावे, असे मला वाटते. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातले सॉल्टेअर हे ते गाव.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेजारचे ब्रॅडफर्ड शहर लोकरी कापडाच्या धंद्यावर झपाट्याने फुगले होते. धूर, गटारे आणि दाटीवाटीची वस्ती यांची परिणती १८४९ च्या पटकीच्या साथीत झाली. त्या शहरात ४०० हून अधिक माणसे दगावली. टायटस सॉल्ट हा तेथील बडा गिरणीमालक साथीच्या सुमारास शहराचा महापौर होता. दक्षिण अमेरिकेतील अल्पाका या प्राण्याची लोकर इतर व्यापाऱ्यांना नकोशी होती. सॉल्टने सुती ताण्यात अल्पाकाचा बाणा घालून चकचकीत वस्त्र काढले. स्त्रियांच्या पोशाखासाठी त्याला प्रचंड मागणी आली आणि सॉल्ट अल्पावधीत गडगंज झाला.

मग त्याने शहराबाहेर, एअर नदीच्या काठी, कालवा आणि लोहमार्ग जेथे जवळ येतात अशी जागा निवडली. कच्चा माल एका बाजूने आत यावा आणि तयार कापड दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे, अशी सर्व प्रक्रिया एका छपराखाली आणणारी गिरणी २० सप्टेंबर १८५३ रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, सुरू झाली. सुमारे ३,००० कामगार आणि १,२०० माग एवढा तिचा आवाका होता. पुढील वीस वर्षांत तिच्याभोवती ८०० हून अधिक दगडी घरे उभी राहिली. घरोघर पाणी आणि गॅसचा दिवा आला. शाळा, रुग्णालय, वाचनालय, उद्यान, वृद्धांसाठी ४५ घरे आणि साप्ताहिक निर्वाहवेतन, सारे काही झाले. रस्त्यांना मालकाच्या बायकामुलांची नावे पडली. दारूचे दुकान मात्र बांधले गेले नाही, आणि कामगार संघटनेलाही मालक अनुकूल नव्हता.

सॉल्टच्या कर्तृत्वाला कमी लेखण्याचे कारण नाही. त्या घरांत मुले जगली, शिकली, हे निखळ सत्य आहे. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारील : या गावाविषयीचे निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे होता? नोकरी देणारा आणि घर देणारा एकच असला, की संपात उतरणाऱ्या कामगारापुढे मजुरीबरोबर डोक्यावरचे छप्परही गमावण्याची भीती उभी राहते. एंगल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना ही गोष्ट स्पष्टपणे मांडली होती.

सॉल्ट १८७६ मध्ये वारला. तोपर्यंत फॅशन बदलू लागली होती. चकचकीत, ताठ कापड मागे पडून फ्रान्सचे मऊ लोकरी कापड लोकप्रिय झाले. त्यातच १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ले कायद्याने आयातीवर जबर जकात बसवली आणि निर्यातीवर जगणाऱ्या धंद्याचा कणा मोडला. १८९२ मध्ये सॉल्टची कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि गिरणीसह अख्खे गाव नव्या मालकांच्या हाती गेले. १९१८ मध्ये पुन्हा मालकी बदलली. १९३३ मध्ये घरे एका मालमत्ता कंपनीला विकली गेली. पुढे कृत्रिम धागा आणि स्वस्त परदेशी माल यांच्यापुढे धंदा टिकेना. १९८६ च्या फेब्रुवारीत गिरणीचे भोंगे कायमचे थांबले. यांपैकी एकाही निर्णयात कामगारांचे मत निर्णायक नव्हते. उदारपणा सॉल्टचा होता. तो वारसाहक्काने पुढच्या मालकांकडे गेला नाही, आणि जाणारही नव्हता.

आता त्याच मॅकिन्ले जकातीचा दुसरा परिणाम पाहा. सॉल्टेअरपासून थोड्याच अंतरावर, ब्रॅडफर्डमधील मॅनिंगहॅम गिरणीत मालकाने जकातीचे निमित्त करून मजुरीत कपात जाहीर केली. डिसेंबर १८९० मध्ये तेथे संप झाला. त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती. चार महिन्यांहून अधिक काळ झुंज देऊन कामगार हरले. परंतु कामगारांचा स्वतंत्र पक्ष हवा, ही जाणीव त्या पराभवातून पक्की झाली. १८९३ च्या जानेवारीत, केअर हार्डी यांच्या अध्यक्षतेखाली, ब्रॅडफर्डमध्येच स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली. एका गावाला दान मिळाले होते, दुसऱ्या वस्तीने हार पत्करून संघटना कमावली. पुढे कामाचे तास, निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा हे कायद्याने मिळालेले हक्क ठरले, ते या दुसऱ्या वाटेने.

सॉल्टेअर आज देखणे आहे. गिरणीत चित्रदालन व दुकाने आहेत, आणि २००१ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावात दगडी भिंतींचेही भाग्य फारसे उरले नाही. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे चढले आणि कामगारांचे वारस घरासाठी अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले. दोन्हीकडे इमारतीचे व जमिनीचे मोल वाढले. तेथे राबणाऱ्यांचा मात्र त्यावर हक्क नव्हता.

म्हणून कार्यकर्त्यांनी एवढे करावे. मालकाने कामगारांसाठी काही बांधले, तर त्याचे कौतुक जरूर करावे. पण त्याच बैठकीत विचारावे, की हे कोणाच्या नावावर आहे आणि कारखाना बंद पडला तर ते कोणाचे राहील? याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत संघटनेने आपले काम संपले असे मानू नये.