डेव्ह, दादा आणि एका वेळी एकच गोळी

आजचा भाग जरा छोटा आहे आणि पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे ‘डेंजरस डेव्ह’. हो, तोच. लाल टोपीवाला, कप घ्यायचा, मग दार उघडतं, तो. आपल्या पिढीतल्या ज्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पेंटच्या खिडकीमागे लपवून काही खेळलं असेल, त्यांच्यापैकी निम्म्यांनी तरी हाच खेळला असेल.

गेल्या महिन्यात एका रविवारी डॉसबॉक्स टाकून मी तो परत काढला. वाटलं होतं वीस मिनिटं खेळू, हसू आणि बंद करू. रात्रीचे दोन वाजले.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा गेम जॉन रोमेरोचा. पुढे ‘डूम’ करणाऱ्यांपैकी एक, तोच रोमेरो. 1988 मध्ये त्याने तो ॲपल टू साठी लिहिला आणि 1990 मध्ये पीसीवर आणला. तेव्हा तो अमेरिकेत लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत होता. ही कंपनी फ्लॉपीवर मासिक काढायची. म्हणजे वर्गणी भरा, फ्लॉपी घरी येणार, त्यात दोन-चार प्रोग्राम आणि एखादा गेम. आपल्याकडे वर्गणी भरून कोणी डेव्ह आणला असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे तो आला कॉपी होत होत, या फ्लॉपीवरून त्या फ्लॉपीवर.

आमच्याकडे पण तसाच आला. आम्ही विट्याचे. 2006 ची गोष्ट, मी चौथीत, दादा नववीत. बाबांनी एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर स्वस्तात आणला होता, विंडोज 98 वाला. दादाच्या मित्राने फ्लॉपी दिली. कीबोर्ड एक आणि आम्ही दोघं, म्हणून वाटणी ठरली. बाणांची बटणं दादाकडे, कंट्रोल माझ्याकडे. म्हणजे चालणं आणि उडी त्याची, गोळी माझी. तो ओरडायचा, “मार!”, की मी मारायचो. उशीर झाला की टपली.

आता डेव्हची गोळी कशी आहे, आठवतंय का? बंदूक सगळ्या लेव्हलमध्ये नसते, शोधून घ्यावी लागते. आणि एका वेळी एकच गोळी. पहिली कशाला तरी लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत तुम्ही बटण कितीही बडवा, दुसरी सुटत नाही. मी अर्थातच बडवायचो. दादा म्हणायचा, “नुसतं काय दाबतोस? भिंतीजवळ उभं राहून मार. गोळी लगेच आपटते, मग लगेच दुसरी निघते.” नववीतला मुलगा सांगतोय हे.

त्याचा दुसरा नियम असा होता: जो आपल्याला दिसत नाही, तो आपल्याला मारू शकत नाही. पडदा सरकायच्या आधी हवा तेवढा वेळ थांब, काही होत नाही. मला वाटायचं तो फेकतोय. पडद्याबाहेरचा राक्षस काय झोपलेला असतो का?

परवा मी हेच तपासत बसलो. आता पगार याच कामाचा मिळतो, त्यामुळे सवय आहे. डॉसबॉक्सचा वेग अगदी कमी केला आणि एकेक पाऊल बघितलं. दादा शंभर टक्के बरोबर होता. शत्रू पडद्यावर असेल तरच गोळी सोडतो. आणि त्याची चाल ठरलेली आहे. एकाच वाटेवर घाण्याच्या बैलासारखा फिरतो, तुम्ही कुठे आहात याच्याशी त्या चालीला देणंघेणं नाही. आम्ही ज्याला घाबरत होतो, तो आमच्या मागे येतच नव्हता. [हसू]

आता पडदा सरकण्याबद्दल. मला सगळ्यात जास्त मजा इथे आली. डेव्हची लेव्हल म्हणजे चौकोनी फरशा. प्रत्येक फरशी 16 बाय 16 पिक्सेलची, आडव्या 100, उभ्या 10. पडद्यावर एका वेळी 20 मावतात. डेव्ह कडेला पोचला की खेळ थांबतो, चित्र एका दमात 15 फरश्या सरकतं, मग खेळ पुढे. मारिओसारखं डेव्हच्या बरोबर बरोबर चित्र सरकत नाही. का नाही? तर तेव्हाच्या पीसीला ते झेपत नव्हतं. 320 बाय 200 चा, 16 रंगांचा एक पडदा म्हणजे 32,000 बाइट. तेवढे दर सेकंदाला कित्येकदा पुसून परत काढायचे, ही त्या मशीनच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. निन्टेन्डोच्या मशीनमध्ये यासाठी खास सोय होती, पीसीत नव्हती.

आणि मग सप्टेंबर 1990. त्याच ऑफिसात जॉन कारमॅकला एक युक्ती सापडली. ईजीए कार्डला सांगता येतं की मेमरीत चित्र नेमकं कुठून दाखवायला सुरुवात कर. ती सुरुवात थोडी थोडी पुढे ढकलली की चित्र आपोआप सरकतं, काढावं काही लागत नाही. एक फरशी पूर्ण सरकली की सुरुवात परत मागे आणायची आणि फक्त ज्या फरश्या बदलल्या तेवढ्याच नव्याने काढायच्या. मारिओत आभाळ निळंच आणि शेजारची फरशी पण निळीच. मग ती कशाला काढायची? बस, एवढंच. मी ऑफिसात गेलं अख्खं वर्ष एका स्क्रीनवर हेच करतोय, जे बदललं नाही त्याला हात लावायचा नाही. आम्ही त्याला भारी नाव देतो, इतकंच.

कारमॅक आणि टॉम हॉल यांनी रात्रभर बसून ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’ ची पहिली लेव्हल पीसीवर हुबेहूब उतरवली आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून गेले. मारिओच्या जागी त्यांनी घातला होता डेव्ह. रोमेरोने सकाळी ती लावली आणि बघतच राहिला. पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. निन्टेन्डोने नको म्हटलं, मग डिसेंबर 1990 मध्ये ‘कमांडर कीन’ आला, फेब्रुवारी 1991 मध्ये आयडी सॉफ्टवेअर कंपनी सुरू झाली. म्हणजे आपला डेव्ह बाजारात आला त्याच वर्षी जुना झाला, आणि त्याला जुना ठरवणाऱ्या नमुन्यात नाचत पण तोच होता. बिचारा.

पण मला प्रामाणिकपणे वाटतं, दादाचं सगळं डोकं त्या अडखळणाऱ्या पडद्यामुळेच चाललं. पडदा सतत सरकत असता तर थांबून विचार करायला कडा कुठून आली असती?

तर हा दादा. दहावीला मार्क कमी पडले. एका सरांनी बाबांना बोलावून सांगितलं की हा कॉम्प्युटरपायी वाया गेला. बाबांनी मॉनिटरची वायर काढून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात. दोन वर्षांनी मशीन परत सुरू झालं ते माझ्या अभ्यासासाठी. मी बीटेक केलं. दादाने आयटीआय केलं आणि आता त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. चांगलं चाललंय, तक्रार काही नाही, त्याची तर अजिबात नाही. पण घरात पाहुणे आले की अजून म्हणतात, धाकट्याला कॉम्प्युटरचं डोकं आहे. परवा रात्री दोन वाजता त्या हळू केलेल्या पडद्याकडे बघताना माझ्या डोक्यात हेच होतं. नववीतल्या मुलाने कोड न बघता, नुसतं बघून बघून ताडलं होतं ते, आणि बटण बडवत होतो मी.

सकाळी फोन केला. सगळं सांगितलं, एकच गोळी, फरश्या, शत्रू पडद्यावर असेल तरच मारतो. म्हटलं, “दादा, तू बरोबर होतास.”

तो म्हणाला, “मग? ते दिसतच होतं की.”

मी म्हटलं, “मला नव्हतं दिसत.”

जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तू गोळी मारायचास ना, तू गोळीकडेच बघायचास.” मागून कोणीतरी पंपाच्या मोटरचं विचारत होतं. “गिऱ्हाईक आलंय, ठेवतो,” म्हणाला आणि ठेवला.

दहावी लेव्हल आमची तेव्हा राहिली होती. मी एकट्याने ती अजून खेळलेलो नाही, नवव्वीनंतर बंद केलं. दिवाळीला विट्याला जाताना लॅपटॉप नेतोय. कंट्रोलचं बटण माझंच.