तबकडीवरचे नाव

(दुबईत राहणाऱ्या मराठी मुलांच्या मेळाव्यात एका शिक्षकांनी केलेले हे भाषण आहे.)



ही पाहा काळी, गोल तबकडी! हिला ध्वनिमुद्रिका म्हणतात. हिच्या मधोमध कागदाची एक चकती चिकटवलेली आहे. तिला 'लेबल' म्हणतात. तिच्यावर गाण्याचे, गायकाचे आणि कंपनीचे नाव छापलेले असते. या चकतीवरूनच गाणी काढणाऱ्या कंपन्यांना 'रेकॉर्ड लेबल' असे नाव पडले.

१८७७ साली एडिसन यांनी आवाज साठवणारे यंत्र तयार केले. पुढे दहा वर्षांनी बर्लिनर यांनी चपट्या तबकडीचा ग्रामोफोन शोधून काढला. १८९८ साली लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी सुरू झाली. कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र तुम्ही पाहिले असेल. ते याच कंपनीचे. त्या चित्राच्या नावावरून लोक तिला 'एचएमव्ही' म्हणू लागले.

१९०२ साली या कंपनीची माणसे कोलकात्याला आली. गौहर जान यांनी त्यांच्यासमोर गाणी म्हटली. गाणे जेमतेम तीन मिनिटांचे! ते संपताच त्या मोठ्याने स्वतःचे नाव सांगत. का बरे? तबकड्या छापण्याचा कारखाना होता दूर जर्मनीत. तेथील कामगारांना आपली भाषा कळत नव्हती. नाव ऐकू आले नाही, तर लेबलवर काय छापणार? पुढे १९०८ साली कोलकात्यातच कारखाना निघाला.

आता तुमच्या शेजारच्या देशातली गोष्ट ऐका. दुबईच्या खाडीत तुम्ही लाकडी गलबते पाहता ना? पूर्वी अशाच गलबतांतून खजूर आणि मोती मुंबईला जात. तिकडून तांदूळ आणि कापड इकडे येई. ओमानमधील सूर गावचे सलीम रशीद सूरी हे असेच एक खलाशी. ऊद नावाचे तंतुवाद्य वाजवून ते गात असत. त्यांचे गाणे घरच्यांना पसंत नव्हते. पण त्यांनी गाणे सोडले नाही. ते मुंबईत राहिले. तेथे एचएमव्हीने त्यांची गाणी मुद्रित केली. लोक त्यांना 'गाणारा खलाशी' म्हणू लागले. पुढे बहारीनला जाऊन त्यांनी स्वतःची कंपनी काढली. तिचे नाव 'सलीमफोन'! आता गाणेही त्यांचे आणि लेबलही त्यांचेच.

मुलांनो, कंपन्या बदलतात. १९३१ साली ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया या दोन कंपन्या एकत्र येऊन ईएमआय झाली. २०१२ साली तिचा गाण्यांचा व्यवसाय युनिव्हर्सलने घेतला. भारतातील कंपनी २००० सालापासून 'सारेगामा' झाली. पण गौहर जान आणि सलीम सूरी यांची नावे पुसली गेली नाहीत. ती तबकडीवर लिहिलेली होती.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. लहानपणी मी त्या एका कॅसेटवर भरून घेतल्या. पण कॅसेटवर काहीच लिहिले नाही. कोरी समजून कोणीतरी तिच्यावर दुसरी गाणी भरली. आजीचा आवाज गेला, तो गेलाच.

तुमच्या हाती आज मोबाईल आहे. सुट्टीत गावी जाल, तेव्हा आजीचे गाणे भरून घ्या. गाणे संपले, की तिला सांगा, "आजी, आता तुझे नाव सांग. गावाचेही सांग." ती हसेल, लाजेल. पण नाव सांगितल्यावाचून तिला सोडू नका!

स्वाध्याय

१. गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव का सांगत?
२. सलीम सूरी यांना लोक काय म्हणत? का?
३. घरातील वडीलधाऱ्यांचे एक गाणे ऐका. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख यांसह वहीत लिहा.