अवजारांचे चित्र कसे पाहावे
(केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



वर्गात चित्र लावले की "किती सुंदर!" एवढ्यावरच रसग्रहण बहुधा संपते. जाते, सूप, मुसळ यांच्या तपशीलवार चित्रास ते पुरत नाही. अशा चित्रातील प्रत्येक रेघेमागे काही प्रयोजन असते. ते ओळखणे हेच त्याचे रसग्रहण होय.

जात्याचे चित्र घ्यावे. खुंटा वरच्या दगडाच्या कडेजवळ असतो, कारण मध्यापासून दूर लावलेल्या जोराने जड दगड सहज फिरतो. दगडांच्या आतील बाजू दाखविल्या असतील, तर टाकीचे घाव दिसतील. ते झिजले म्हणजे पीठ नीट पडत नाही. म्हणून जात्यास पुन्हा टाकी लावावी लागते. सुपाच्या तीन बाजू उभ्या व एक मोकळी का, याचे उत्तर पाखडणाऱ्या हातांस ठाऊक असते.

शिक्षकाने एकदा फळ्यावर मुद्दाम चुकीचे जाते काढावे. खुंटा मध्यभागी दाखवावा. वाचताना अडखळणारे मूलच ती चूक प्रथम पकडण्याचा संभव आहे. अक्राणी, अक्कलकुवा भागांतील पाड्यांवरून येणाऱ्या अनेक मुलांची घरची बोली पावरी किंवा भिली असते. पाठ्यपुस्तकापुढे मूक राहणारे असे मूल अवजाराच्या चित्रापुढे जाणकार ठरते. त्याच्या बोलीतील नाव विचारून शिक्षकाने ते मराठी नावाशेजारी लिहावे. ज्या शाळेत आपल्या घरातील वस्तूस स्थान आहे, ती शाळा मुलास परकी वाटत नाही.

हे कार्य क्षुल्लक नव्हे. भिली व खानदेशी बोलींची नोंद 1907 च्या भाषा-सर्वेक्षण खंडात करणारे जॉर्ज ग्रियर्सन यांनी त्यापूर्वी, 1885 मध्ये, बिहारच्या ग्रामजीवनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शेतीची व घरातील साधने, त्यांचे भाग आणि स्थानिक नावे चित्रांसह दिली आहेत. आज पीठ बहुधा गिरणीतून येते आणि जाते कोपऱ्यात पडते. वस्तू वापरातून गेली की तिच्या भागांची नावेही मागोमाग जातात.

म्हणून प्रत्येक मुलाने घरातील एक अवजार समोर ठेवून काढावे. आठवणीने काढू नये. भागांची नावे आजी-आजोबांस विचारून लिहावीत. गुण देताना रेघेची सफाई पाहू नये. एकच प्रश्न विचारावा: या चित्रावरून कारागिरास ती वस्तू घडविता येईल काय? येत असेल, तर मुलाने ती खरोखर पाहिली आहे.