शिडाच्या होडीतली पहिली रात्र



अंबरनाथसारख्या गावातून समुद्रप्रवासाविषयी बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण इथल्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हास नदीला मिळते, आणि कल्याणच्या खाडीत भरतीचे पाणी आजही चढते. 1060 सालचा शिलालेख असलेले हे मंदिर ज्या शिलाहारांच्या काळचे, त्यांचे राज्यही किनाऱ्यावरचेच. तेव्हा समुद्र आपल्याला तितकासा परका नाही. आजचा विषय मात्र नेमका आहे. हौसेने चालवायची लहानशी शिडाची होडी, जिला यॉट म्हणतात, ती घेऊन पहिल्यांदाच एक अख्खी रात्र समुद्रावर काढायची असेल, तर बेत कसा आखावा?

आमचे कोळी बांधव रात्री-अपरात्री समुद्रावर असतातच. त्यांना हे शिकवण्याची माझी प्राज्ञा नाही. मी बोलतो आहे ते नवशिक्याविषयी. त्याला वाटते, अंधार, लाटा आणि वारा हीच काय ती भीती. खरी अडचण त्यात नाही. खोल पाण्यात होडी रात्रीही तशीच चालते, जशी दिवसा. धोका असतो तो अनोळखी खाडीच्या तोंडाशी, खडकाजवळ, काळोखात पोचण्यात. म्हणून बेत निघण्यापासून आखायचा नसतो. पोचण्यापासून उलटा मोजत यायचा असतो.

शिक्षकमित्रांनी इथे नकाशाची वही उघडावी. मुंबई साधारण 18 अंश 55 मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, रत्नागिरी 17 अंशांवर. फरक 1 अंश 55 मिनिटे, म्हणजे 115 मिनिटे. आता गंमत बघा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजेच एक सागरी मैल, 1852 मीटर. तेव्हा गुणाकार नाही, भागाकार नाही. अंतर 115 मैल. किनारा थोडा पूर्वेकडे सरकतो, वाटेत भूशिरे टाळायची, म्हणून 120 धरू. वर्गात हे फळ्यावर मांडले की अक्षांश म्हणजे केवळ पाठ करायच्या आडव्या रेघा नव्हेत, हे मुलांना एका मिनिटात पटते.

लहान होडी ताशी पाच मैल गेली तर चोवीस तास लागतील. पण वारा काही आपला नोकर नव्हे. चार मैलांनी गेली तर तीस तास, सहा मैलांनी गेली तर वीस. जानेवारीत भर दुपारी बारा वाजता मुंबई सोडली, तर वीस तासांनी सकाळचे आठ, चोवीस तासांनी दुपारचे बारा, तीस तासांनी संध्याकाळचे सहा. तिन्ही वेळा उजेडातच. सकाळी लवकर निघावे, असे आपल्याला घरात शिकवलेले असते. इथे सहाला निघून वारा चांगला लाभला, तर रात्री दोन वाजता रत्नागिरीच्या तोंडाशी डोळे फाडून बसायची पाळी!

आता भरती. कोकणातला जुना हिशेब पुष्कळांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट करावी, मुंबईच्या बाजूला त्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला बाराला निघालो तर ओहोटी नुकती लागलेली, आणि बंदराबाहेर जाणारे पाणी आपल्यालाही ओढून नेते. शिवाय पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि सूर्योदयाला मावळतो. रात्रभर फुकटचा दिवा. हा हिशेब ठोकळ आहे, छापील भरतीचे कोष्टक पाहावेच. पण पंचांग हे केवळ मुहूर्त काढायचे पुस्तक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा उपयोगही ध्यानात घ्यावा.

वाऱ्याचे वेळापत्रकही या दिवसांत बरेचसे ठरलेले. दुपारी वायव्येचा खारा वारा, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर उजवीकडून. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो डावीकडून. अर्थात शीड एका बाजूचे दुसऱ्या बाजूला घ्यावे लागणार, तेही अर्धवट झोपेत. ते काम एकट्याने करू नये. अंधार पडण्यापूर्वीच शीड थोडे आवळून लहान करावे, वारा मंद असला तरी. चालीत अर्धा मैल गेला तर जाऊ द्यावा.

पहिल्या रात्री तिघांहून कमी माणसे नसावीत, असे माझे मत आहे. तीन-तीन तासांची पाळी, आणि पाळीवर असणाऱ्याने कमरेचा पट्टा होडीला अडकवलेलाच ठेवायचा. रात्री पाण्यात पडलेले माणूस सापडणे फार कठीण. पाळीवाल्याचे काम दोन गोष्टी पाहण्याचे. एक, जहाजांचे दिवे. जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. दोन्ही एकदम दिसले, तर ते सरळ आपल्यावरच येते आहे असे समजावे. दुसरे, कोळ्यांची जाळी. त्यांचे तरंगते बोये चांदण्यातही चटकन दिसत नाहीत, आणि जाळे सुकाणूत गुंतले तर आपलीही रात्र जाते आणि त्या गरिबाचे जाळेही. म्हणून किनाऱ्याला फार लगटून जाऊ नये.

उपग्रहाच्या साह्याने जागा दाखवणारे यंत्र आता खिशात मावते. तरीही दर तासाला वेळ, दिशा आणि कापलेले अंतर वहीत लिहावे. त्या वहीवरच पुढचा निर्णय ठरतो. सकाळी आठ वाजता ऐंशी मैल झालेले नसतील, तर रत्नागिरी विसरायची आणि जयगडच्या खाडीत शिरायचे. जयगड अलीकडे वीसएक मैलांवर आहे. साडेतीन मैलांच्या चालीनेही तिथे साडेचारपर्यंत पोचता येते. हा आकडा निघण्यापूर्वीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. दमलेल्या माणसाला रात्रीनंतर नवा निर्णय सुचत नाही, आणि सुचला तर बहुधा हट्टाचाच असतो.

कमांडर दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून 'म्हादेई' नावाच्या छप्पन्न फुटी होडीतून एकट्याने प्रस्थान ठेवले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 19 मे 2010 रोजी ते परत आले. असे करणारे ते पहिले भारतीय. होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. प्रवास नऊ महिन्यांचा. तयारी मात्र 2006 पासून चाललेली! आपल्या एका रात्रीसाठी एक महिना दिला, तर तो जास्त नाही.

शेवटची तयारी घरी राहणाऱ्याची. एका विश्वासू माणसाजवळ कागद द्यावा: होडीचा रंग, माणसांची नावे, निघण्याची वेळ, जयगडचा पर्याय, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर कळवायचे तो तास. भगवती बंदरात नांगर पडला, की चहाचे आधण नंतर ठेवावे. आधी त्या माणसाला फोन करावा.