घेणेकऱ्यांची रांग



वसंतातल्या व्याख्यानांत कायद्याचा विषय निघाला की वकिलांना किंवा निवृत्त न्यायमूर्तींना पाचारण करावे, असा रिवाज आहे. यंदा चालकांनी तो मोडला आणि आम्हा कामगार चळवळीतल्या माणसाला उभे केले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गिरणीच्या फाटकावर फार झाले. कायदा वाचला, तोही मालकाच्या नोटिशीला उत्तर देणे भाग पडले म्हणून. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा ठेवू नका. गेल्या दहाएक वर्षांत व्यापारी आणि दिवाणी कायद्यांत मोठी उलथापालथ झाली. तिने तुमच्याआमच्या पदरात काय टाकले आणि काय काढून घेतले, एवढेच सांगण्याचा विचार आहे.

धंदा बुडाला की उरल्यासुरल्या मालमत्तेपुढे रांग लागते. त्या रांगेत तारण घेतलेली बँक असते, कर मागणारे सरकार असते, उधारीवर माल दिलेला इतवारीचा व्यापारी असतो, आगाऊ पैसे भरलेले गिऱ्हाईक असते आणि पगार थकलेला कामगार असतो. सर्वांना पुरेल इतके तेथे नसते. पुरले असते तर धंदा बुडालाच नसता. म्हणून आमच्या मते कायद्याचा खरा प्रश्न एकच आहे: या रांगेत कोणी कुठे उभे राहायचे?

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. तेथल्या कामगारांसाठी १८८६ साली पेन्शन फंड निघाला. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. पुढे मिल सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. तेथे खरेदीला जाणाऱ्या तरुणांना भोंग्याची आठवण असण्याचे कारण नाही. परंतु गिरणी बंद पडल्यावर घर कसे चालते, हे या सभेतल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही.

जुन्या कंपनी कायद्यात कामगार रांगेत बराच मागे असे. तारण घेतलेल्या बँका आपला वाटा आधी उचलीत; उरले तर इतरांचे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कंपनी मोडीत काढण्याच्या प्रकरणात कामगारांनाही आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. त्यानंतर १९८५ साली कायदा बदलला आणि कामगारांचे देणे तारणवाल्या घेणेकऱ्यांच्या बरोबरीला आले. रांगेतली ही जागा कोणी दान म्हणून दिलेली नाही.

मग २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिने रांग नव्याने आखली. कंपनी मोडीत निघाली तर आधी त्या कारवाईचा खर्च. त्यानंतर तारणवाले घेणेकरी आणि कामगार एकाच पायरीवर. पण कामगारांचे देणे किती? कंपनी मोडीत काढण्याच्या तारखेपूर्वीच्या चोवीस महिन्यांचे. हे चोवीस महिने नीट ध्यानात घ्या. कारखान्याला कुलूप लागून पाच वर्षे झाली आणि त्यानंतर हुकूम निघाला, तर जुन्या थकबाकीला ती पायरी मिळत नाही. ती खाली घसरते. मालकाने वेळ काढला की कामगाराचा हक्क आपोआप आटतो.

याच संहितेने एक चांगली गोष्टही केली. भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांतली रक्कम तिने रांगेतून बाहेरच काढली. ती बुडालेल्या मालमत्तेचा भागच नाही. जेट एअरवेजच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण देण्यास सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. परंतु कंपनी सावरण्याची योजनाच पार पडली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. निकाल हाती येणे निराळे आणि पैसा हाती येणे निराळे. शिवाय मालकाने ग्रॅच्युइटीचा वेगळा निधी मुळात ठेवलाच नसेल, तर तेथेही वाद उभा राहतो.

कंपनी मोडायची की नव्या मालकाला द्यायची, हे धनकोंची समिती ठरवते. त्या समितीत मताचा अधिकार बँकांना आणि कर्ज देणाऱ्यांना, कामगारांना नाही. ज्याने पैसा घातला त्याला मत, ज्याने आयुष्य घातले त्याला केवळ दावा. हा न्याय आम्हाला मान्य नाही, आणि तसे या व्यासपीठावरून सांगण्यात आम्हाला संकोचही वाटत नाही.

दार अगदीच बंद आहे असे मात्र नाही. कानपूरच्या एका ताग गिरणीच्या कामगार संघटनेने पगारासाठी अर्ज केला, तेव्हा प्रत्येक कामगाराने वेगळा अर्ज करावा, असे उत्तर तिला मिळाले. ३० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि नोंदणीकृत संघटना सर्वांच्या वतीने येऊ शकते, असे ठरवले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, अशा अर्जासाठी लागणारी थकबाकी एक लाखावरून एक कोटीवर नेण्यात आली. हिशेब करून पाहा. प्रत्येकी चाळीस हजार थकलेले दोनशे कामगार एकत्र आले तरी ऐंशी लाखच होतात. तीनशे आले तर एक कोटी वीस लाख. एकट्यादुकट्याला आता या दारात प्रवेश नाही. आणि दाद मागायची ती मुंबईला; नागपूरहून एक रात्र रेल्वेत काढून.

आता आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी शहराबाहेरचा एक कारखाना बंद पडला. नाव घेत नाही. न्यायाधिकरणाने कारभारी नेमला आणि घेणेकऱ्यांनी दावे दाखल करावेत, अशी जाहीर सूचना वर्तमानपत्रांत आली. एक इंग्रजी आणि एक प्रादेशिक भाषेतले पत्र, अशी कायद्याची रीत आहे. आम्ही त्या वेळी मोर्चाच्या तयारीत होतो. सूचना आमच्यापैकी कोणी वाचलीच नाही. तारीख उलटल्यावर धावपळ केली, विनवण्या केल्या, तेव्हा कुठे कायम कामगारांचे दावे दाखल करून घेतले गेले. ठेकेदाराकडच्या झाडूवाल्या आणि हमाल राहिले. त्यांच्याजवळ नेमणुकीचा कागद नव्हता. त्यांतल्या एका बाईंनी विचारले, "भाऊ, वीस वर्षं इथंच झाडलं, मग मी कुठली?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून देऊ शकलेलो नाही. मोर्चा काढायलाच हवा होता. पण वर्तमानपत्राचे आतले पान वाचायला एक माणूस बसवायला हवा होता, हेही तितकेच खरे.

हे केवळ कामगारांचे रडगाणे नव्हे. बेसा किंवा मनीषनगरच्या बाजूला घरासाठी आयुष्याची पुंजी भरलेले लोकही सभेत असतील. बिल्डर बुडाला तर २०१८ पूर्वी तुमची जागा धड ठरलेली नव्हती. त्या वर्षी कायद्याने तुम्हाला बँकांप्रमाणे कर्ज देणाऱ्यांत धरले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. म्हणजे जे मत कामगाराला नाही, ते तुम्हाला आहे. मात्र २०२० पासून एकट्याला अर्ज करता येत नाही. त्याच प्रकल्पातले शंभर जण किंवा एकूण घेणाऱ्यांचे दहा टक्के, यांतली लहान संख्या जमवावी लागते. २०१६ च्या रेरा कायद्याने घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवणे बिल्डरवर बंधनकारक केले आहे. पैसे भरण्यापूर्वी प्रकल्पाची नोंदणी पाहा.

व्यापारी मंडळींनाही एक सांगायचे आहे. २०१८ पासून तीन लाखांपासूनचे व्यापारी तंटे व्यापारी न्यायालयांकडे जातात, आणि तातडीचा हुकूम नको असेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीला जावेच लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट सक्तीची ठरवली. ती टाळून केलेला दावा उभा राहत नाही. उधारी वसुलीची मुदत साधारणपणे तीन वर्षांची. "आपलाच माणूस आहे, देईल," असे म्हणत तीन दिवाळ्या गेल्या की कायदाही पाठ फिरवतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. त्या झाडूवाल्या बाईंना हे वीस वर्षांपूर्वी हवे होते. कारखाना बंद झाला तर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करावा, असेही म्हटले आहे. उलट, कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी शंभर कामगारांपासून होती, ती आता तीनशेंवर गेली. म्हणजे लहान कारखान्याचे कुलूप लावणे सोपे झाले. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले, ते दोन्ही हिशेबात धरले पाहिजे.

या सर्व बदलांतून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. नवा कायदा कागद मागतो आणि मुदत पाळायला लावतो. त्याच वेळी तो एकट्याला दारातून परत पाठवतो आणि संख्येला आत घेतो. कामगार, घर घेणारा आणि छोटा व्यापारी आजवर एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. कामगार दुकानदाराला मालकाचा सोबती समजला, दुकानदार कामगाराला दंगेखोर समजला. रांगेत मात्र आपण मागेपुढेच उभे असतो आणि बँकेचा वकील आपल्या पुढे असतो.

तेव्हा विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर पगारपावत्या, नेमणूकपत्र, निधीचे पासबुक, घराचा करार, उधारीच्या पावत्या, जे असेल ते एका डब्यात ठेवा आणि डबा कुठे आहे हे घरच्या माणसांना सांगून ठेवा. आमच्या संघटनेने आता वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना रोज वाचण्याचे काम एका कार्यकर्त्याकडे सोपवले आहे. त्यात तुमच्या उपयोगाचे काही आले तर तुम्हालाही कळवू; तुम्हाला आमच्या उपयोगाचे काही दिसले तर आम्हाला कळवा.