युरोपचा नियम आणि स्वावलंबी उद्योजक



युरोपच्या बाजारपेठेत माल पाठविणाऱ्या लघुउद्योजकापुढे दोन मोह उभे असतात. मालावर ‘सीई’ चिन्ह छापून मोकळे व्हावे, हा पहिला. आणि हा सारा पाश्चात्त्यांनी घातलेला अडसर आहे असे म्हणून हात झटकावेत, हा दुसरा. दोहोंचे मूळ एकच आहे : नियम स्वतः न वाचणे. विद्युतचुंबकीय सुसंगततेचा युरोपीय निर्देश हे त्याचे बोलके उदाहरण होय.

बहुतेक विद्युत उपकरणे चालताना विद्युतचुंबकीय उपद्रव निर्माण करतात आणि इतरांचा उपद्रव सोसतही असतात. आपला उपद्रव मर्यादेत राहावा आणि बाहेरून येणारा उपद्रव सोसून नेमलेले काम पार पडावे, एवढ्याच या निर्देशाच्या दोन अपेक्षा. पहिला निर्देश १९८९ साली आला, २००४ साली त्याची जागा दुसऱ्याने घेतली आणि २०१४ साली संमत झालेला आजचा निर्देश २० एप्रिल २०१६ पासून लागू आहे. विजेच्या धक्क्यापासूनची सुरक्षितता हा त्याचा विषय नव्हे. त्यासाठी वेगळे कायदे आहेत.

मग आपली वस्तू या निर्देशाच्या कक्षेत येते की नाही, हे कसे ठरवावे? पहिला प्रश्न असा, की वस्तू तयार स्वरूपात अंतिम वापरकर्त्यासाठी विकली जाते काय? सुटा कपॅसिटर कक्षेबाहेर राहतो. परंतु ग्राहक स्वतः संगणकात बसवितो ते कार्ड कक्षेत येते. दुसरा प्रश्न वस्तूच्या स्वभावाचा. साधा इंडक्शन मोटर, तंतूचा दिवा, इलेक्ट्रॉनिक भाग नसलेला स्विच ही मुळातच निरुपद्रवी मानली जातात. मात्र त्याच मोटरला वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह जोडून एक संच म्हणून विकला, की निर्देश लागू होतो. तिसरा प्रश्न, अन्य विशेष कायदा आहे काय? रेडिओ उपकरणांसाठी २०१४ चाच स्वतंत्र निर्देश आहे. त्यामुळे यंत्रात ब्लूटूथ बसविताच कायदा बदलतो.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ठरलेल्या जागी कायमची उभारलेली यंत्रणा ‘स्थिर प्रतिष्ठापना’ ठरते. तिला सीई चिन्ह लागत नाही, पण मूळ अपेक्षांतून सुटका नाही. अशा एकाच प्रतिष्ठापनेसाठी घडविलेल्या आणि अन्यत्र न विकल्या जाणाऱ्या कंट्रोल पॅनेललाही या निर्देशाखाली चिन्हाची सक्ती नाही; मात्र ती प्रतिष्ठापना कोणती आणि कोणती दक्षता घ्यावी, हे कागदोपत्री नोंदवावे लागते. सुरक्षिततेच्या अन्य निर्देशाखाली तेच चिन्ह आवश्यक ठरू शकते, हेही विसरता कामा नये.

आणखी एक भ्रम दूर व्हावयास हवा. सीई असलेले सुटे भाग एकत्र केले म्हणजे संपूर्ण यंत्र आपोआप पात्र होत नाही. जोडणी, तारांची मांडणी, अर्थिंग यांतूनच नवा उपद्रव जन्मास येतो. म्हणूनच जबाबदारी यंत्र घडविणाऱ्याची. या निर्देशात त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र अनिवार्य नाही. उत्पादकाने स्वतः मूल्यमापन करून घोषणापत्रावर सही करावयाची आणि तांत्रिक कागदपत्रे दहा वर्षे जपावयाची. १६ जुलै २०२१ पासून मात्र युरोपीय संघात जबाबदार आस्थापना असल्याखेरीज असा माल तेथे विकता येत नाही.

येथेच स्वदेशीच्या विचाराचा खरा कस लागतो. परक्याचा शिक्का विकत घेणे हे स्वावलंबन नव्हे आणि परक्याच्या नियमाची निंदा हेही नव्हे. जो उद्योजक आपल्या वस्तूचा स्वभाव जाणतो, तिची चाचणी करून घेतो आणि घोषणापत्रावर निःशंक मनाने सही करतो, त्याची सही ही केवळ त्याची राहत नाही. तिच्यासोबत देशाची पतही सीमेपार जाते. ती पत राखणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.